चौथ्या बोअरचा शेवटचा तुकडा

आमच्या विभागात महिन्यातून एकदा तरी कोणीतरी रुमालात दगड बांधून यायचं. शिपाई त्यांना सरळ माझ्या खोलीत पाठवायचा, कारण बाकीचे प्राध्यापक वैतागायचे आणि मी बसायला सांगायचे. एकदा एक वयस्कर गृहस्थ विहीर खणताना सापडलेला पांढरा, चमकदार खडा घेऊन आले. तो हिरा आहे याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती, मी फक्त तसं लिहून द्यायचं होतं. मी भिंगातून बघितलं आणि गारगोटी आहे म्हणून सांगितलं. त्यांनी खडा पुन्हा रुमालात बांधला आणि अदबीनं विचारलं, "बडे साब कब आते?"

पुढे ‘बडे साब’ व्हायची पाळी माझ्यावरच आली, पण तोवर ते गृहस्थ काही परत आले नाहीत.

मी हैदराबादला विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकवलं. माहेर परभणीकडचं, सासर इथलं, नारायणगुड्याचं. सून दगड शिकवते असं सांगायला सासूबाईंना जड जायचं, म्हणून त्या चारचौघांत ‘सायन्स शिकवते’ म्हणायच्या. त्यांचंही चूक नव्हतं. डॉक्टर काय करतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. आमचं मात्र सांगत बसावं लागतं.

तर सांगते. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी मुलं दगड ओळखायला शिकतात आणि दुसऱ्या वर्षी, आपण त्यातले निम्मे चुकीचे ओळखत होतो हे शिकतात. दगडाचा कागदासारखा पातळ काप काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. हातोडी, भिंग, होकायंत्र आणि डबा घेऊन उन्हातान्हात फिरायचं. शेवटी प्रत्येकानं एक छोटा भाग निवडायचा, तो पायी पालथा घालायचा, त्याचा नकाशा करायचा आणि त्यावर प्रबंध लिहायचा. आपण ज्या जमिनीवर उभे आहोत तिच्याखाली काय आहे, हे न उकरता सांगता येणं, यासाठी हा सगळा खटाटोप. आणि सांगता येत नसेल तर कुठे उकरायचं ते सांगता येणं.

माझ्या विद्यार्थिदशेत या शिक्षणावर नोकरी मिळायची. खाणी, सर्वेक्षण, भूजल, धरणं, सगळीकडे सरकार बसलेलं होतं आणि सरकारला भूगर्भशास्त्रज्ञ लागायचे. एक्क्याण्णवनंतर वारं फिरलं. सरकारी भरती आटली. त्याच सुमाराला अमीरपेटेत संगणकाच्या शिकवण्यांच्या पाट्या एवढ्या लागल्या की खालचं दुकान कसलं आहे ते दिसेना. आमची मुलं सकाळी खनिजांच्या तासाला यायची आणि संध्याकाळी तिकडे. मग सकाळी यायचीही बंद झाली. एका वर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात माझ्यासमोर सात जण उरले. हा विभाग वेगळा कशाला ठेवायचा, असं वरच्या बैठकांत बोललं जाऊ लागलं होतं.

त्या सातांतली एक रेणुका. घर देगलूरकडचं, पण वडिलांचं स्टीलच्या भांड्यांचं घाऊक दुकान बेगम बाजारात, त्यामुळे तिचा जन्म इथलाच. मराठी घरच्यासारखं बोलायची, वाचताना मात्र अडखळायची. तेलुगू आणि दख्खनी दोन्ही तिच्या जिभेवर. वर्गात फारशी बोलायची नाही. पण दगड हातात घेतला की सगळीकडून फिरवून बघितल्याशिवाय खाली ठेवायची नाही.

दुसरं वर्ष सुरू होऊन महिना झाला असेल. तिचे वडील दामोदरराव मला भेटायला आले. पांढरा शर्ट, कपाळाला बुक्का, हातात पिशवी. बसा म्हटलं तरी उभेच.

"मॅडम, पोरीला तुम्ही समजावून सांगा. आमचं काय ऐकना ती."

"काय सांगू?"

"कंप्युटरला नाव घालतो म्हनलं, तर नक्को म्हनायलीय. शेजारच्या घरातली दोन पोरं शिकली, एक तर परदेशात गेला. ही दगडंच घेऊन बसलीय. मला एवढंच सांगा, हे शिकून हिला कोन नौकरी देनार हाय?"

त्यांच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, काळजी होती. म्हणूनच मला तो प्रश्न टोलवता येईना. पाच वर्षांपूर्वी मी चार खात्यांची नावं घेतली असती. त्या दिवशी एकही घेता आलं नाही. मी म्हटलं, "दामोदरराव, नोकरीची खात्री मी देऊ शकत नाही. पण माझ्या इतक्या वर्षांत तिच्यासारखी नजर मी फार थोड्यांची बघितलीय. हे वर्ष पूर्ण होऊ द्या."

ते नमस्कार करून निघून गेले. रेणुका दुसऱ्या दिवशी वर्गात आली, त्यावरून काय ते समजलं.

आता त्याच वेळचा दुसरा धागा. शहराच्या पश्चिमेला नवी वस्ती उठत होती. जिथे आम्ही मुलांना घेऊन खडक दाखवायला जायचो, तिथे काचेच्या इमारतींचे फलक लागायला लागले. संगणकवाल्या कंपन्या असल्या तरी इमारतीला पाया लागतोच, आणि पायाखालचा खडक कसा आहे याचा अहवाल कोणीतरी सही करून द्यावा लागतो. ती कामं विभागामार्फत माझ्याकडे यायला लागली. खरं सांगते, मला ते आवडायचं. ज्या विषयाला लोक जुना म्हणत होते, त्याची सगळ्यात नव्या इमारतीला गरज पडत होती. माझा भाव वधारला होता आणि मी घाईत असायचे.

अशाच एका मोठ्या इमारतीचं काम आलं. बांधकामाचे प्रमुख रेड्डीसाहेब, मोठे कामाचे आणि घाईचे. जागेवर सहा ठिकाणी बोअर घेतले होते. हे पाण्यासाठीचे बोअर नव्हेत. यात हिऱ्याचं पातं लावलेली पोकळ नळी फिरवत खाली नेतात आणि आतून दगडाचा लांब दांडा काढतात. मुळ्याएवढ्या जाडीचा असतो. त्याचे तुकडे लाकडी पेटीत, ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं लावून ठेवतात. वरची माती संपून घट्ट दगड लागला की त्यात तीन मीटर जायचं आणि थांबायचं, अशी रीत. चौथ्या बोअरला सहा मीटरवर दगड लागला, नऊ मीटरवर थांबवला. मी पेट्या चाळल्या, नोंदी वाचल्या आणि खाली अखंड, मजबूत ग्रॅनाइट आहे असं लिहून सही केली.

रेणुकाचा प्रबंध त्याच भागावर होता. हैदराबादचे मोठमोठे गोल दगड सगळ्यांनी पाहिलेले असतात. एकावर एक कोणी रचून ठेवलेत असं वाटतं. ते कोणी रचलेले नाहीत. इथल्या ग्रॅनाइटला उभ्या-आडव्या भेगा आहेत. भेगांतून पाणी झिरपतं, आणि प्रत्येक तुकड्याचे कोपरे कुजून मुरूम होतात, मधला गाभा गोल होऊन उरतो. पुढे मुरूम वाहून गेला की गोळे उघडे पडतात. हे जमिनीवर जसं घडतं तसं जमिनीखालीही घडतं. तिथे मात्र मुरूम वाहून जात नाही. गोळे त्यात रुतून राहतात, शिऱ्यातल्या बेदाण्यासारखे. एखादा गोळा घराएवढा असू शकतो. हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवायचे.

अभ्यासासाठी म्हणून मी तिला त्या जागेवरच्या पेट्या बघायला परवानगी काढून दिली. चार दिवसांनी दुपारी ती माझ्या खोलीत आली.

"मॅडम, एक विचारू? चार नंबरच्या बोअरमध्ये शेवटचा तुकडा बघितलात का तुम्ही?"

"बघितला असेल. का?"

"वरचे तुकडे राखाडी आहेत. एकदम ताजे. शेवटचा तांबूस आहे. खाली जाताना दगड चांगला व्हायला पाहिजे ना? हा बिघडत चाललाय."

मी मान वर न करता म्हटलं, "एखाद्या भेगेतून पाणी उतरलं असेल. डाग पडतात."

"डाग वरवर असतो. हा आत गेलाय, चाकूनं खरवडलं तर भुगा निघतो."

"मग कोणीतरी तुकडा उलटा ठेवला असेल पेटीत."

"मी वरच्या तुकड्याशी जुळवून बघितलं, मॅडम. तोंडं बरोबर बसतात." ती थांबली. "मला वाटतं तो खालचा खडक नाहीच. गोळा आहे. आपण गोळ्याच्या बुडाशी येऊन थांबलो."

‘आपण’ म्हणाली ती. सही एकट्या माझी होती. मी तिला कोरडेपणानं सांगितलं, "बरं, बघते मी," आणि समोरच्या कागदांत डोकं घातलं. ती गेल्यावर मला एक ओळही वाचता येईना. राग आला होता, आणि तो तिच्यावर नाही हे मला कळत होतं. मला आठवत होतं की त्या दिवशी मी सहा पेट्या अर्ध्या तासात उरकल्या होत्या, कारण पुढे विभागात बैठक होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं जागेवर गेले. चौथ्या बोअरची पेटी उघडली. शेवटचा तुकडा बोटभर लांबीचा. भिंग लावायचीही गरज नव्हती. पांढरे कण मळकट झालेले, काळे कण गंजलेले. चाकूचं टोक लावलं तर खरोखर भुगा निघाला.

बोअरचं यंत्र चालवणारा यादगिरी तिथेच होता. नळगोंड्याकडचा, पन्नाशीचा. त्याला विचारलं, "यादगिरी, या बोअरला शेवटी काही वेगळं वाटलं होतं का?"

"हौ अम्मा," तो म्हणाला. "पानी लाल आया आखिर में. मैं साइट वाले साब कू बोला. साब बोले, तीन मीटर हो गया, बस."

यंत्राला गारवा द्यायला आत पाणी सोडतात, ते परत वर येतं. ताज्या ग्रॅनाइटमधून ते राखाडी येतं. ते लाल झालं होतं. यादगिरीनं बघितलं होतं, सांगितलंही होतं. नोंदवहीत त्यासाठी रकाना नव्हता, आणि मी त्याला विचारलं नव्हतं.

तिथल्या कार्यालयातून मी रेड्डीसाहेबांना फोन लावला. म्हटलं, माझा अहवाल मी मागे घेतेय, नवीन बोअर घेईपर्यंत त्यावर काही बांधू नका.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "मॅडम, गुरुवार कू भूमिपूजन है. और आपीच लिखके दिए ना, मजबूत है बोलके."

"हो. मीच लिहिलं."

"तो गलत है क्या?"

"गलत असण्याची शक्यता आहे. ती नाही, असं मी आता लिहून देऊ शकत नाही."

"ये बात कौन निकाला?"

"माझ्या विद्यार्थिनीनं."

"स्टुडंट?" ते म्हणाले, आणि पुढचं बोलणं त्यांनी मोठ्या कष्टानं गिळलं असावं. शेवटी इतकंच म्हणाले की पूजा होईल, खोदकाम थांबवतो, पण आठवड्याच्या आत सांगा.

चौथ्या बोअरच्या शेजारी, दोन हातांवर, नवा बोअर सुरू झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी दगडातून पातं खाली चाललं होतं. मी, रेणुका, यादगिरी आणि त्याची दोन माणसं. एवढ्यात रिक्षा थांबली आणि दामोदरराव उतरले. पोरगी सकाळी डबा न घेता निघाली होती, तो द्यायचं निमित्त. खरं कारण, ही रोज जाते कुठे ते बघायचं होतं. ते येऊन एका लाकडी पेटीवर बसले.

"पप्पा, उठा तिथून," रेणुका म्हणाली. "ते रेकॉर्ड आहे."

ते गडबडून उठले. मग उभ्याउभ्याच यंत्राकडे बघत राहिले. मला हळूच म्हणाले, "लई जोर लागायला लागलाय मशीनला."

"खाली ग्रॅनाइट आहे," मी म्हटलं.

नऊ मीटर झाले. रेणुका मोजपट्टी धरून वाकली होती. नऊ मीटरच्या पुढे अजून हातभर गेलं असेल नसेल, यंत्राचा आवाज बदलला. ओझं उतरल्यावर बैलगाडीचा बदलतो तसा. यादगिरीनं पटकन यंत्राचा दांडा आवरला, तरी नळी आपोआप वीतभर खाली गेली. वर येणारं पाणी राखाडीचं लाल झालं.

रेणुकानं वहीत खोली लिहिली, वेळ लिहिली, पाण्याचा रंग लिहिला. अक्षर नीट आलं. ती वही पुढे मी मागून घेतली, अजून माझ्याकडे आहे.

दामोदररावांना काय झालं ते नीट कळलं नव्हतं. त्यांनी लेकीला विचारलं, "काय झालं गं?"

"दगड संपला, पप्पा. खाली मुरूम आहे. म्हणजे तो खडक नव्हता, नुसता मोठा धोंडा होता. याच्यावर बिल्डिंग ठेवली असती तर एक बाजू खचली असती."

"मग पक्का हाय म्हनून कोन लिहिलं होतं?"

रेणुका खाली बघायला लागली. मी म्हटलं, "मी लिहिलं होतं, दामोदरराव. माझं चुकलं. तुमच्या मुलीनं पकडलं."

ते इतके ओशाळले की मलाच वाईट वाटलं. हात जोडून म्हणाले, "तसं नव्हतं म्हनायचं मला, मॅडम." मी म्हटलं, तसंच आहे ते. माझे कान गरम झाले होते, चारचौघांत आपली चूक बोलताना होतात तसे. आणि त्याच वेळी मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. वीस वर्षं फळ्यावर काढलेली आकृती पहिल्यांदा कोणीतरी माझ्याविरुद्ध वापरली होती, आणि ती बरोबर होती.

खरा खडक पंधरा मीटरवर लागला. त्यात आम्ही चांगले सहा मीटर गेलो, आणि प्रत्येक तुकडा ताजा निघाला. मग उरलेल्या पाच ठिकाणीही खोल गेलो. त्यांतला आणखी एक धोंडा निघाला. पायाचा सगळा आराखडा बदलावा लागला. रेड्डीसाहेब माझ्याशी महिनाभर नीट बोलले नाहीत. त्यानंतर दुसऱ्या जागेचं काम घेऊन त्यांचा फोन आला, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "वो लडकी आएगी क्या?"

गोष्ट इथेच संपली असती तर मी सुखानं झोपले असते. पण माझ्या सहीचे आधीचेही अहवाल होते. मी ते सगळे काढले, विभागाच्या कोठीत ठेवलेल्या पेट्या एकेक करून पुन्हा बघितल्या. रेणुका सोबत बसली. बाकीचे निर्धोक होते. एका इमारतीच्या एका बोअरची शेवटची पेटीच सापडेना. इमारत उभी राहून वर्ष झालं होतं, लोक कामाला बसत होते. मी मालकांना पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. स्वतः गेले. त्यांच्या माणसानं सांगितलं, इमारत चांगली आहे, उगाच कशाला शंका काढता. तिसऱ्या खेपेला त्यांनी बाहेरच्या मोकळ्या पट्टीत, भिंतीला लागून एक बोअर घेऊ दिला. खडक पक्का निघाला, पार खालपर्यंत.

सगळे म्हणाले, बघा, तुमचं बरोबरच होतं. मी म्हटलं नाही. खडक पक्का होता, पण सही केली तेव्हा मला ते माहीत नव्हतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि एवढंसं समजायला मला चाळिशी ओलांडावी लागली, याची रुखरुख आजही आहे.

त्यानंतर विभागात आम्ही दोन नियम केले. विद्यार्थ्यानं पेटी वाचताना शेवटच्या तुकड्यापासून सुरुवात करायची. आणि यंत्र चालवणाऱ्याला काय दिसलं, काय ऐकू आलं, हे विचारून नोंदवहीत लिहायचं. यादगिरीला मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांसमोर बोलायला बोलावलं. तो तासभर बोलला, अर्धं तेलुगूत, अर्धं दख्खनीत. हाताच्या तळव्याला यंत्राच्या दांड्याचा कंप कसा लागतो आणि त्यावरून दगड कसा ओळखायचा, हे त्यानं सांगितलं. माझ्या पुस्तकांत ते नव्हतं. विभाग बंद करायची भाषाही हळूहळू थांबली, कारण शहर जसं पसरत गेलं तशी आमची मुलं कामाला लागायला लागली: इमारतींच्या पायांना, रस्त्यांना, ग्रॅनाइटच्या खाणींना, पाण्याच्या शोधाला. कोणी संशोधनाला गेलं, कोणी शिकवायला. जे संगणकाकडे गेले तेही वाईट निघाले नाहीत. त्यांतला एक मला दर दिवाळीला फोन करून सांगतो की पृथ्वीचे नकाशे आता त्याच्या पडद्यावर असतात.

रेणुकानं प्रबंध पूर्ण केला आणि बोगदे, धरणं यांची कामं करणाऱ्या एका कंपनीत मुलाखतीला गेली. त्या काळी अशा कामावर मुली घेत नसत. आतमध्ये काय झालं ते तिनं संध्याकाळी विभागात येऊन सांगितलं. मुलाखत घेणाऱ्यांत एक जुने अभियंते होते. त्यांनी तिचा प्रबंध चाळला, चौथ्या बोअरच्या पानावर थांबले आणि विचारलं, "हा पहिला अहवाल तुमच्या प्राध्यापकांचाच ना? तो चूक आहे असं तुम्ही त्यांना सांगितलंत? मग त्या काय म्हणाल्या?"

"तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"मी म्हटलं, पहिल्या दिवशी रागावल्या. दुसऱ्या दिवशी मला विचारलं, आता नवा बोअर कुठे घ्यायचा ते तू सांग."

मी तिला असं विचारल्याचं मला अजिबात आठवत नव्हतं. पण रेणुका नोंदी चुकीच्या ठेवणारी मुलगी नव्हती.

नोकरी तिला मिळाली होती. तिनं पिशवीतून तिच्या पहिल्या कामाचा, एका डोंगरातल्या बोगद्याचा नकाशा काढला. मी शिपायाला चहा सांगितला, टेबलावरचे दगड बाजूला सारले, आणि आम्ही दोघींनी तो पसरला.